धागा दिसतो का? उतामारोच्या रेशीमकामाच्या बारा चित्रांचा संच

नागपुरातल्या एका डिजिटल प्रिंट स्टुडिओने जपानी चित्रकार कितागावा उतामारोच्या बारा चित्रांचा संच छापून विकायला काढला आहे. अळी पोसण्यापासून कापड विणण्यापर्यंतचं रेशमाचं काम आणि ते करणाऱ्या बायका, असा चित्रांचा विषय. मूळ चित्रं लाकडी ठशांनी छापलेली, १७९८ ते १८०० च्या सुमाराची. प्रकाशक एदोचा, म्हणजे आजच्या तोक्योचा, त्सुरुया किएमोन. संचात ए-थ्री कागदावरची बारा चित्रं, एक ‘बोनस’ चित्र आणि सोळा पानांची मराठी पुस्तिका येते. सुटा संच ३,६०० रुपयांना, फ्रेम करून १३,२००.

घरात हातमाग असेल, इतवारी-गांधीबागेत साडीचं दुकान असेल, शेतात तुती लावली असेल, तर सुटा संच घ्याच. फ्रेम मात्र त्यांच्याकडून करून घेऊ नका, चित्रं बदलून मागा, आणि पुस्तिकेच्या भरवशावर कुणाला माहिती सांगायला जाऊ नका.

आधी धागा

छपाई कशी आहे हे बघायला लोक चेहऱ्याकडे जातात. चेहरा हा इथला सगळ्यात सोपा भाग. उतामारो नाक एका रेषेत उरकतो, डोळे दोन फटींत. कुठल्याही प्रिंटरवर ते बरे येतात. त्याऐवजी सूत काढण्याचं चित्र उचला. चुलीवर भांडं, भांड्यात कोष, शेजारी रहाट. भांड्यातून निघालेला धागा रहाटापर्यंत अखंड पोचतो का, एवढंच बघायचं.

मूळ ठशात हा धागा म्हणजे लाकडाची उभी भिंत असते. डोंगरी चेरीचं घट्ट लाकूड घ्यायचं, रेषेच्या दोन्ही अंगांचं लाकूड कोरून काढायचं आणि मधे केसाएवढा उंचवटा शिल्लक ठेवायचा. सुरी घसरली तर तेवढ्या जागी लाकडाचा नवा तुकडा बसवून पुन्हा कोरावं लागतं. एवढ्या कष्टाने राखलेली रेषा संगणकाच्या फायलीत मात्र सहज हरवते. रेषा ०.२ मिलिमीटर जाडीची धरली, तर ३०० पीपीआयच्या, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेलच्या, फायलीत तिच्या वाट्याला दोनाहून थोडे जास्त पिक्सेल येतात. १०० पीपीआयला एकसुद्धा पुरता येत नाही. मग प्रिंटर तिला कुठे छापतो, कुठे सोडून देतो, आणि धागा टिंबाटिंबांचा होतो.

या संचात नेमकं सूत काढण्याच्या चित्रातच ते झालं आहे. रहाटाच्या अलीकडे तीन बोटं धागाच गायब. रीलिंगला, म्हणजे कोषातून सूत काढायला, बसणाऱ्या बाईला हे चित्र दाखवलं तर ती म्हणेल, कोष संपलाय, नवा जोडा. विणकामाच्या चित्रात दुसरं दुखणं आहे. ताण्याचे, म्हणजे मागावरचे उभे, धागे जवळजवळ असल्यामुळे कमी रिझोल्यूशनमध्ये ते एकमेकांत मिसळले आहेत आणि मागावर करडा पट्टा उमटला आहे, त्यावर लाटांसारखी नक्षी. ती नक्षी उतामारोची नाही. टीव्हीवर बारीक चौकटीचा शर्ट दिसला की जे चमचम होतं तेच हे. तिसरं खराब चित्र कोष वेगळे करण्याचं. कोषांच्या कडा इतक्या पुसट आल्या आहेत की टोपलीत तांदूळ ओतल्यासारखं वाटतं.

उरलेल्या नऊ चित्रांतल्या रेषा स्वच्छ आहेत, काही तर फारच छान. म्हणजे प्रिंटर चांगला आहे, फायली सारख्या प्रतीच्या नाहीत. मूळ चित्राचा आकार, ज्याला जपानीत ओबान म्हणतात, साधारण ३८ बाय २५.५ सेंटिमीटर. ३०० पीपीआयला ४,५०० बाय ३,००० पिक्सेलची फाइल लागते. प्रताधिकार संपलेल्या चित्रांच्या एवढ्या मोठ्या फायली आज अनेक संग्रहालयं फुकट देतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने तर फेब्रुवारी २०१७ पासून अशी चित्रं सर्रास वापराला खुली केली आहेत. ३,६०० रुपये घेऊन बारातली तीन चित्रं लहान फायलींवरून छापायचं काही कारण नव्हतं.

डोक्यावर चाललेली कात्री

दुसरी चूक आकाराची, आणि ती बाराही चित्रांत आहे. ए-थ्रीचा कागद ४२ बाय २९.७ सेंटिमीटर. मूळ चित्र खऱ्या आकारात छापलं तर चारही बाजूंनी दोन-दोन सेंटिमीटर कोरा कागद राहतो. फ्रेमच्या दृष्टीने हे अगदी सोयीचं. स्टुडिओने मात्र चित्र ताणून कागदभर पसरवलं. ओबान हा ए-थ्रीपेक्षा जरा उभट असतो. रुंदी पुरी बसवली की उंची ४४ सेंटिमीटरच्या पुढे जाते आणि सव्वादोन सेंटिमीटर कापावे लागतात. ते त्यांनी वरून कापले.

या मालिकेत वरचा भाग रिकामा नाही. तिथेच मजकूर आहे. त्या टप्प्यावर अळीचं काय करायचं, पाला कसा द्यायचा, हे जपानी अक्षरांत कोरलेलं आहे, आणि मालिकेचं नाव आणि क्रमांकही आहेत. चित्र आणि सूचना एकाच तावावर, असा हा प्रकार. आपल्याकडे रेशीम विभागाचे भिंतीवर लावायचे तक्ते असतात, त्यांचा देखणा पूर्वज म्हणा. मजकुराची वरची ओळ कापली की जपानी येणाऱ्यालाही तो वाचता येत नाही. न येणाऱ्याला तर आपलं काही गेलं हे कळतही नाही.

जपानी आकडे ओळखायला सोपे आहेत. एक, दोन, तीन म्हणजे तितक्याच आडव्या रेघा. दहा म्हणजे अधिकचं चिन्ह. बारा म्हणजे अधिकच्या चिन्हाखाली दोन रेघा. आपल्या हातातल्या संचावर हे आकडे पुरते दिसतात का ते बघा. दिसत नसतील तर कात्री चालली आहे.

निळा जरा जास्तच निळा

रंगाच्या बाबतीत स्टुडिओवर फार रागावता येत नाही, पण चूक ती चूकच. उतामारोच्या काळातले बरेच रंग वनस्पतींचे. गुलाबी-लाल रंग करडईच्या फुलांचा. होय, आपण जिचं तेल खातो तीच करडई. निळा बऱ्याचदा ज्या फुलापासून काढत, ते आपल्या शेतात तण म्हणून उपटून टाकतो त्या केन्याच्या कुळातलं. करडईचा लाल आणि हा निळा मिसळून जांभळा. हा निळा फार नाजूक असतो. उजेड लागला की उडतो, पाण्याचा थेंब पडला की विरतो. म्हणून संग्रहालयांतल्या प्रतींत निळा बऱ्याचदा फिकट बदामी झालेला दिसतो आणि जांभळ्याचा मातकट तपकिरी होतो.

स्टुडिओने ही उडालेली छटा ‘दुरुस्त’ करायला निळ्याची कळ जोरात फिरवली आहे. त्यामुळे कपड्यांचे काही भाग गडद शाईसारखे निळे झालेत. तो निळा प्रशियन निळा. जपानी छपाईत तो रुळला १८३० च्या आसपास, आणि उतामारो १८०६ साली वारला. दुकानात ट्यूबलाइटखाली तो रंग खुलून दिसतो, पण जाणकाराला पहिल्याच नजरेत खटकतो. शिवाय मूळ कागद कोझो झाडाच्या सालीचा, दुधाच्या सायीच्या रंगाचा. इथे पार्श्वभूमी धुतलेल्या बनियनसारखी पांढरी केली आहे. चित्रं बदलून मागताना रंगाला हात लावू नका असं स्पष्ट सांगा. फिकी दिसली तर दिसू द्या.

हातांकडे बघा

आता संचाची जमेची बाजू, आणि ती मोठी आहे. या बायका कामकरी दिसत नाहीत. केस कसे चापूनचोपून बांधलेले, किमोनोच्या नक्षीत एकही डाग नाही. उतामारो एदोच्या देखण्या बायका काढण्यासाठीच प्रसिद्ध होता, आणि शहरी गिऱ्हाईक त्यांच्यासाठीच पैसे मोजत होतं. रेशीम पिकायचं ते मात्र दूर, कोझुके, शिनानो अशा प्रांतांत, खेड्यांत. ते पिकवणाऱ्या सामान्य शेतकऱ्याला रेशीम नेसायची मनाई होती. चेहरा आणि कपडे बाजूला ठेवा. हात आणि अवजारं मात्र खरी आहेत.

पहिल्या टप्प्याच्या चित्रात बाई पिसाने काहीतरी झाडते आहे. अंड्यांच्या कागदावरून नुकत्या बाहेर पडलेल्या अळ्या ती खाली घेते. आजही चॉकी सेंटरवर, म्हणजे लहान अळ्या वाढवून देणाऱ्या केंद्रावर, या कामाला ब्रशिंग म्हणतात आणि पीस आजही वापरतात, कारण मुंगीएवढ्या अळीला बोट लागलं तरी ती दुखावते. पुढे पाला चिरण्याचं काम. लहान अळीला तुतीचा कोवळा पाला बारीक चिरून द्यावा लागतो. मोठा पाला दिला तर कडा सुकतात, अळी खालच्या थरात दबते, आणि तिथे ओल धरून रोग शिरतो. हे सगळं चित्रात अर्थातच नाही, पण पाटीतल्या चिरलेल्या पाल्याचा बारीकपणा उतामारोने सोडलेला नाही.

तुतीची अळी चार वेळा कात टाकते, पाच अवस्थांतून जाते, आणि पंचवीस ते अठ्ठावीस दिवसांत कोषावर येते. कात टाकताना ती मान वर करून निश्चल बसते. त्या वेळी पाला टाकायचा नाही, हलवायचं नाही. जपानी रेशीमकऱ्यांनी या चार झोपांना नावं ठेवली: सिंह, ससाणा, नाव आणि अंगण. त्यामागे एका राजकन्येची गोष्ट आहे. सावत्र आई तिला आधी सिंहांच्या डोंगरात सोडते, मग ससाण्यांच्या, मग नावेतून बेटावर, आणि शेवटी अंगणात पुरते. दरवेळी ती वाचते. अखेर बाप तिला तुतीच्या लाकडाच्या होडीत घालून समुद्रात सोडून देतो. ती जपानला लागते, मरते आणि तिच्या देहाच्या अळ्या होतात. ही राजकन्या कुठली, तर तेन्जिकूची, म्हणजे भारताची. पुस्तिकेत ही गोष्ट नाही. नागपुरात विकायच्या संचात हीच गोष्ट नसावी, याला काय म्हणावं?

सगळ्यात जवळून बघण्यासारखं चित्र आहे ते रेशमाच्या पेळवाचं, जपानीत मावाताचं. जे कोष उलगडत नाहीत, दोन अळ्यांनी मिळून केलेले डबल कोष किंवा पतंग भोक पाडून बाहेर पडलेले कोष, ते टाकून द्यायचे नसतात. राखेच्या क्षारात उकळून त्यांचा डिंक काढतात, पाण्यात बोटांनी उघडतात आणि चौकटीवर किंवा हातावर ताणून थरावर थर बसवतात. हा मऊ लगदा थंडीच्या कपड्यांत अस्तराखाली भरायला जातो, किंवा त्यातून हाताने जाडसर सूत ओढतात. चित्रात ताणलेला थर कागदाच्या कोऱ्या रंगातच सोडला आहे. कडेच्या दोन-चार रेषांवरूनच तो थर आहे हे कळतं. या चित्राची छपाई संचात सर्वांत चांगली उतरली आहे. भिंतीवर एकच लावायचं असेल तर हेच लावा.

ही मालिका आकाशातून पडलेली नाही. कात्सुकावा शुन्शो आणि किताओ शिगेमासा या दोघा चित्रकारांनी १७७० च्या दशकात याच विषयावर लहान आकाराच्या बारा चित्रांची मालिका केली होती. उतामारोने तोच धागा पुढे नेला आणि बायकांना मोठं करून चित्राच्या मध्यावर आणलं. पुस्तिकेत याचाही पत्ता नाही.

पुस्तिका

सोळा पानं, गुळगुळीत कागद, आणि चुकांची रेलचेल. सगळ्या मोजत बसत नाही, कामाच्या तेवढ्या सांगतो.

रहाटावरच्या बाईला पुस्तिका ‘सूत कातणारी स्त्री’ म्हणते. तुतीच्या कोषाचं रेशीम कातत नाहीत, उलगडतात. कापसाचे तंतू आखूड, म्हणून त्यांना पीळ देऊन जोडावं लागतं, ते कातणं. कोष हा अळीने एका तंतूत विणलेला असतो. आजच्या सुधारित जातीच्या कोषात तो हजार मीटरच्या आसपास भरतो. कोमट-गरम पाण्यात डिंक सैल करायचा, सात-आठ कोषांची टोकं एकत्र धरायची आणि ओढत राहायचं. डिंकच त्यांना चिकटवून २०-२२ डेनिअरचं (डेनिअर हे सुताच्या जाडीचं माप) सूत करतो. पाणी फार तापलं तर कोषातून गुठळ्या सुटून येतात, थंड राहिलं तर तंतू तुटतो. चरखा आणि रहाट यातला हा फरक नागपूरच्या महाल भागातल्या कुठल्याही जुन्या विणकराला विचारला असता तर मिळाला असता.

मावाताच्या चित्राखाली ‘कापूस पिंजताना’ असं लिहिलं आहे. यावर बोलण्यासारखं काही नाही.

तिसरी चूक जरा गुंतागुंतीची. पुस्तिका सगळीकडे ‘कोसा’ शब्द वापरते. विदर्भाच्या वाचकाला तो आपला वाटतो हे खरं, पण कोसा म्हणजे टसर. त्याची अळी ऐन आणि अर्जुनाच्या पाल्यावर, जंगलात, झाडावरच वाढते. घरात पाटीवर नाही. कोष देठाला लटकलेला, टणक, सोडा घालून शिजवल्याशिवाय सुटत नाही. मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावच्या करवतकाठी साडीचं सूत या कोशाचं. उतामारोच्या चित्रातला किडा तुतीचा. शिजवण्याची रीत वेगळी, सूत वेगळं, चकाकी वेगळी. राज्याच्या रेशीम संचालनालयाचं मुख्यालय नागपुरात आहे. पुस्तिका छापण्याआधी तिथल्या कोणाला एकदा दाखवली असती तरी भागलं असतं.

आणि चित्रांचा क्रम. पतंगांनी कागदावर अंडी घालण्याचं चित्र पुस्तिकेने विणकामानंतर, शेवटी टाकलं आहे. जीवनचक्र पूर्ण झालं असं त्यांना दाखवायचं असावं. पण चित्रावर छापलेला आकडा तसं म्हणत नाही. जिथे कापाकापीतून आकडा वाचला आहे तिथे तोच खरा धरा.

बोनस

तेरावं चित्र दुसऱ्या कुनितेरूचं, म्हणजे कुनितेरू हे नाव लावणाऱ्या दुसऱ्या चित्रकाराचं: तोमिओकाच्या सरकारी रेशीम गिरणीचं, १८७२ च्या सुमाराचं. निवड उत्तम. उतामारोच्या बायका घरात बसून सूत काढतात. इथे त्याच कामासाठी बायका रांगेने बसल्या आहेत, प्रत्येकीपुढे तिची कढई. १८७२ मध्ये सुरू झालेल्या या गिरणीत ३०० कढया होत्या, यंत्रं फ्रान्सची, देखरेख फ्रेंच तज्ज्ञ पॉल ब्रुनाची. मात्सुशिरोहून १८७३ मध्ये कामाला आलेल्या वादा एइने पुढे इथल्या आठवणी लिहून ठेवल्या. म्हणजे या रांगेतल्या एकीचा तरी आवाज आपल्यापर्यंत आला. उतामारोच्या बारा चित्रांतल्या एकीचाही नाही. नागपूरकराला हिशेब लावायला सोपं जावं म्हणून: जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली १ जानेवारी १८७७ ला, तोमिओकानंतर चारेक वर्षांनी.

पण हे चित्र तीन तावांचं आहे. तिन्ही शेजारी ठेवले की रुंदी ७५-७६ सेंटिमीटर होते. स्टुडिओने ते एका आडव्या ए-थ्रीत कोंबलं, म्हणजे जेमतेम ५५ टक्के. बायका मुंग्यांएवढ्या झाल्यात, कढया दिसतही नाहीत. फुकट दिलं म्हणून काहीही द्यावं असं नाही. तीन वेगळ्या कागदांवर दिलं असतं तर या एका चित्रासाठी लोकांनी हजार रुपये वेगळे मोजले असते.

फ्रेम आणि नागपूरचा उन्हाळा

फ्रेमचे जे ९,६०० रुपये जास्त घेतले जातात, त्यात चार चुका एकाच वेळी केल्या आहेत. काच थेट चित्राला टेकलेली. पाठीमागे हार्डबोर्ड. चित्र चारही कडांनी दुहेरी टेपने चिकटवलेलं. आणि फ्रेमची पट्टी एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची.

यातली तिसरी चूक इथे सगळ्यात आधी नडते. नागपुरात मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या पुढे आणि आत चोवीस तास कुलर. कुलर चालू असला की कागद ओल घेऊन फुगतो, बंद केला की दुपारी कडकडीत सुकतो. वर्षातले तीन महिने रोज हेच. कागद चारही बाजूंनी जखडला असेल तर फुगायला जागा राहत नाही आणि मधे लाटा येतात. मग पावसाळ्यात त्या लाटेचा उंचवटा काचेला टेकतो, तिथे ओल धरते, आणि शाई काचेला चिकटते. फ्रेम उघडताना चित्राचा तेवढा पापुद्रा काचेवरच राहतो. हार्डबोर्डमधलं आम्ल हळूहळू कागदाला पिवळं करतं, ते निराळंच.

फ्रेमवाला कुठलाही चालेल, बर्डीवरचा किंवा धरमपेठेतला, फक्त हे सांगून करून घ्या. माउंट बोर्ड (चित्रावर ठेवायचा, मधे खिडकी कापलेला जाड पुठ्ठा) आणि मागचा बोर्ड दोन्ही ॲसिड-फ्री, म्हणजे आम्लरहित. माउंटची जाडी किमान दोन मिलिमीटर, म्हणजे काच आणि चित्रात फट राहते. चित्र खऱ्या आकारात बदलून मिळालं असेल तर माउंटची खिडकी ३९ बाय २६.५ सेंटिमीटर कापायची, चित्राभोवती अर्धा सेंटिमीटर कोरा कागद दिसू द्यायचा. कडा वर आणि बाजूंना सहा, खाली सात. बाहेरचं माप ३८.५ बाय ५२ सेंटिमीटर, फ्रेमवाल्याच्या भाषेत साधारण १५ बाय साडेवीस इंच.

चित्र चिकटवायचंच नाही, कागदी कोपऱ्यांत अडकवायचं. आम्लरहित कागदाचे चार त्रिकोणी खिसे करून मागच्या बोर्डवर लावायचे आणि चित्र त्यात सरकवायचं. प्रत्येक कोपऱ्यात मिलिमीटरभर सैल ठेवायचं. कोणी खळ वापरायचा हट्ट धरला तर मैद्याची नको, गव्हाच्या शुद्ध स्टार्चची करा. मैद्यातलं ग्लुटेन कसरीला आणि झुरळांना बोलावतं. एक भाग स्टार्च, पाच भाग पाणी, मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं ढवळत राहायचं, पारदर्शक झाली की उतरवायची, थंड करून कापडातून दोनदा गाळायची. जिला ताण्याला खळ लावायची सवय आहे तिला हे शिकवायला नको. फक्त ही घट्ट हवी, आणि चित्राच्या वरच्या कडेला दोन ठिकाणीच लावायची.

मागे चार कोपऱ्यांत बुचाच्या चकत्या लावा, म्हणजे फ्रेम भिंतीपासून पाच मिलिमीटर सुटी राहील आणि पावसाळ्यात भिंतीची ओल मागच्या बोर्डला लागणार नाही. पश्चिमेच्या उन्हाची भिंत टाळा. कुलरच्या झोताची तर नकोच नको.

बारा चित्रं एकत्र लावायची तर सहा-सहाच्या दोन ओळी, मधे पाच सेंटिमीटर. एकूण रुंदी २५६ सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेआठ फूट भिंत लागते. पहिलं चित्र उजवीकडे लावा. जपानी मजकूर उजवीकडून डावीकडे वाचतात. स्टुडिओच्या दुकानात नमुना म्हणून लावलेली ओळ डावीकडून सुरू होते, त्यामुळे तिथे माग आधी आणि अळी शेवटी आल्यासारखी वाटते.

‘ओरिजिनल’ म्हणून कोणी विकत असेल तर

हा स्टुडिओ डिजिटल प्रिंट म्हणूनच विकतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण असेच संच दुसरीकडे ‘मूळ वुडब्लॉक’ म्हणून दहापट किमतीला दाखवले जातात. ओळखायला महागडं यंत्र नको. गांधीबागेतला कापडाचा व्यापारी ज्या घडीच्या भिंगाने एका इंचात किती धागे आहेत ते मोजतो, तेच भिंग रंगाच्या डागावर ठेवा. रंगीबेरंगी ठिपके दिसले की यंत्राची छपाई. ठशाचा रंग सपाट, कागदाच्या धाग्यांत मुरलेला दिसतो. मग कागद उलटा करा. ठशाच्या छपाईत कागदावर मागून बारेनने, म्हणजे बांबूच्या कोंबाच्या आवरणाने मढवलेल्या चकतीने घासतात, त्यामुळे मागच्या बाजूला रंग थोडा झिरपलेला आणि घासल्याच्या वळ्या दिसतात. कडेला बोट फिरवलं तर कधी कधी शाईविना दाबून उठवलेली नक्षीही लागते. काही छापखाने तर ठशाला खरं कापड चिकटवून त्याची वीण कागदावर उठवत असत. डिजिटल प्रिंटमध्ये यातलं काहीच नसतं. तोक्यो आणि क्योतोत आजही नवे ठसे कोरून हाताने छापलेल्या प्रती निघतात, त्यांत हे सगळं असतं, पण त्याही मूळ नव्हेत. विकणाऱ्याने तसं सांगायला हवं.

बदलून घेताना

स्टुडिओ बदली देतो, मात्र पंधरा दिवसांत मागावी लागते. नुसतं ‘खराब आलंय’ म्हणून उपयोग नाही. चित्रावर पट्टी ठेवून फोटो काढा, तुटलेला धागा आणि कापलेला आकडा दोन्ही दिसले पाहिजेत. सांगताना तीनच गोष्टी सांगा: ४,५०० बाय ३,००० पिक्सेलची फाइल, ३८ सेंटिमीटर उंची खऱ्या आकारात, रंगात फेरफार नाही. ‘फिल पेज’ (कागदभर पसरवा) नावाची खूण काढून टाकायला सांगा; सगळ्या कापाकापीचं मूळ तिथेच आहे. कागद मॅट आणि कापसाचा मिळाला तर बघा, चकचकीत अजिबात नको. आणि सगळा संच पुन्हा छापायला देण्याआधी सूत काढण्याचं एकच चित्र छापून मागवा. भांड्यापासून रहाटापर्यंत धागा सलग आला, की मग बाकीच्यांची ऑर्डर द्या.